उपयोगिता प्रमाणपत्र

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली.
शीट उचल, बघ, ठेव.
शाई पसरली, नंबर सरकला, की लाल पेन्सिलीची खूण.
सुटताना झडती, मग मोकळ्या हातांनी बाहेर.
पगाराच्या दिवशी पाकीट उघडलं
तरी आधी चूकच शोधायची मी.

आता निवृत्त झाल्यावर अर्ज भरतेय
चार लाख साठ हजारांचा.

शेजारच्या बिल्डिंगमधली तेजल गांगुर्डे, पॉलिटेक्निकची,
तिनं बनवलंय एक यंत्र
साबणाच्या डबीएवढं. खरं तर साबणाच्याच डबीत.
नोट आत सरकवली की बोलतं, "दोनशे रुपये."
आवाज माझा,
घसा बसलेल्या दिवशी रेकॉर्ड केलेला.

हे एकनाथ निरभवणेसाठी.
बिटको चौकाजवळ त्याची टपरी.
मागे कुठल्याशा योजनेत त्याला पीसीओ मिळाला होता,
पिवळी पेटी, तिच्यावर शिक्का.
मग सगळ्यांच्याच खिशात फोन आले.
पेटीत आता तो बिस्किटं ठेवतो.
जुन्या नोटा बोटांवर मापायचा,
नखापासून कुठल्या पेरापर्यंत शंभर, ते पाठ होतं.
नव्या आल्या त्या सगळ्या आखूड, बहिणीबहिणींसारख्या,
आणि शंभर म्हणून कुणी दहाची देऊन गेलं.
ती दहाची कदाचित माझ्याच हातून पास झालेली.
निर्दोष.

रकाना सात: लाभार्थी किती?
तेजल म्हणाली, दहा हजार टाकू, सगळेच टाकतात.
मी अकरा लिहिले. अकरा जण मला नावानिशी माहीत.
रकाना नऊ: प्रकल्प तीन वर्षांत स्वयंपूर्ण कसा होईल?
निरभवणेला विचारलं.
"लिहा, तोवर मला दिसायला लागेल."
तो हसला. आम्ही हसायचं की नाही, ठरेना.

शरणपूर रोडच्या ऑफिसात मुलाखत.
पडद्यावर आमची डबी माणसाएवढी.
साहेब सज्जन होते.
'स्केल' हा शब्द त्यांनी प्रसादासारखा
प्रत्येकाच्या तळहातावर ठेवला.
मंजूर झाले एक लाख ऐंशी. दोन हप्त्यांत.

पहिल्या हप्त्यात अकरा डब्या झाल्या
आणि दुसऱ्याच दिवशी निरभवणे डबी घेऊन दारात.
"ताई, ही ओरडते.
पाचशे रुपये, पाचशे रुपये!
अख्ख्या चौकाला कळतं माझ्या गल्ल्यात काय पडलं ते.
हिला गप्प करा.
सांगायचं ते माझ्या हाताला सांगू दे."

एकतीस वर्षं चुका शोधल्या,
ही मला दिसली नव्हती.

तेजलनं स्पीकर काढले.
भंगारातल्या मोबाइलांच्या थरथरणाऱ्या मोटरी आणल्या,
पंधरा रुपयाला एक, घासाघीस करून बारा.
दहाला एक टिचकी, वीसला दोन,
शंभराला लांब घरघर, मांजर मांडीवर घेतल्यासारखी.
माझा आवाज गेला. बरं झालं.

परवा ऑफिसचं पत्र आलं.
मंजूर अंदाजपत्रकात 'स्पीकर' आहे, 'मोटर' नाही,
खुलासा करावा.
उपयोगिता प्रमाणपत्रासोबत
लाभार्थी यंत्र वापरत असतानाचा व्हिडिओ जोडावा,
यंत्राचा आवाज स्पष्ट ऐकू यावा.
दुसरा हप्ता तोपर्यंत प्रलंबित.

तेजलनं व्हिडिओ काढला. बावीस सेकंद.
गिऱ्हाईक नोट देतं.
निरभवणेचा हात गल्ल्याखाली जातो,
थांबतो,
वर येतो, ऐंशी रुपये परत देतो.
मागे सिन्नरची बस हॉर्न वाजवते, तेवढंच.

खुलाशाच्या रकान्यात पाचशे शब्दांची मुभा होती.
मी लिहिलं:
व्हिडिओ कृपया पुन्हा पाहावा.
गिऱ्हाइकाला काही कळलेलं नाही.